मैदान आणि त्यामागील घर

गोल्फचा खेळ आपल्या घरांतून फारसा कोणी खेळत नाहीं. उपनगरांत राहणाऱ्या वाचकांनीं चेंबूरचें गोल्फ-मैदान, जेथें 1927 पासून क्लब आहे, जातांयेतां पाहिलें असेल, तेवढीच काय ती ओळख. तथापि या खेळाच्या इतिहासांतील एक प्रकरण गृहस्थाश्रमी माणसानें अवश्य वाचावें असें आहे. कारण त्याचा संबंध काठी-चेंडूपेक्षां उंबरठ्याशीं अधिक आहे.

इंग्रजी अमदानींत मुंबईंतील गोऱ्यांचे क्लब एतद्देशीयांस बंद असत. 1918 सालीं गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकारानें उभयतांकरितां विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला. तेथें गोल्फचें मैदानही आहे. अर्थात् ही समता खिसा पाहून आंत घेणारी होती. आम्हां शाळामास्तरांस तेथें कोण विचारतो! पण इतरत्र तेवढेंही नव्हतें. 1933 च्या डिसेंबरांत बाँबे जिमखान्यावर या देशांतील पहिला कसोटी सामना झाला, लाला अमरनाथांनीं शतक काढलें. त्या जिमखान्याचें सभासदत्व मात्र भारतीयांस मिळत नसे.

दक्षिण आफ्रिकेंत तर हा भेद कायद्यानेंच बांधलेला होता. दरबानकडील भारतीय वंशाचे सेवसंकर सेवगोलम, ज्यांस सारे पापवा म्हणत, लहानपणीं साहेबांमागें काठ्यांची पिशवी वाहणारे पोऱ्या होते. शिकविणारा कोणी नाहीं, म्हणून काठी धरण्याची रीतही उलटी; डावा हात उजव्याच्या खालीं. त्याच रीतीनें त्यांनीं 1959 व 1960 सालीं हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. पुढें 1963 मध्यें दरबान कंट्री क्लबच्या मैदानावर, गोऱ्यांबरोबर खेळून, नाताळ प्रांताची स्पर्धा जिंकली. बक्षिसाच्या वेळीं पाऊस आला. मंडळी क्लबघरांत गेली. पापवांस तेथें प्रवेश नव्हता. विजेत्यानें चषक बाहेर, पावसांत भिजत घेतला. त्या प्रसंगाचें छायाचित्र देशोदेशीं छापलें गेलें.

हें वाचून आपणांस संताप येतो, तो योग्यच. पण तत्पूर्वीं सुमारें साठपांसष्ट वर्षें पुण्यांत काय झालें? चर्मकार जातींतील पालवणकर बाळू गोऱ्यांच्या क्लबांत खेळपट्टीची निगा राखीत व ग्रेग साहेबांस गोलंदाजी करीत. हिंदूंच्या संघास गोऱ्यांशीं सामना द्यावयाचा होता, सबब बाळूंची आठवण झाली. त्यांस घेण्यास पुण्याच्या ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता, अखेर घेतलें. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातीं फिरे. चहाच्या वेळीं मात्र इतरांस आंत चिनी मातीचे पेले आणि बाळूंस बाहेर, टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांत. दरबानांत कायदा तरी होता. येथें कोणता होता?

1906 सालीं बाळूंच्या साहाय्यानें हिंदूंनीं मुंबईस गोऱ्यांस हरविलें. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं 114 गडी बाद केले. संघाचे नायक म्हणून त्यांची निवड कधींच झाली नाहीं. तो मान 1923 सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाला.