ऑस्टेनसाहेबांचं 1936

चाकणच्या कारखान्यांत जर्मन साहेबाचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. ड्रॉइंगवर बोट ठेवून मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललं, की काम पुढे सरकतं. पण दुभाष्यावर विसंबून एखाद्या नटीकडून हिंदीत रडण्याचा प्रसंग कसा करून घ्यायचा? या कुतूहलापायी मी बरीच वर्षं जर्मन चित्रपट-दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनच्या मागे आहे.

हा म्युनिकचा, जन्म 1876 चा. हिमांशू रायबरोबरच्या 'प्रेम संन्यास', 'शिराझ', 'प्रपंच पाश' या मूकपटांवर पुष्कळ लिहून झालंय, ते सोडून देऊ. 1934 मध्ये मालाडला रायची बॉम्बे टॉकीज ही चित्रसंस्था उभी राहिली. दिग्दर्शनाला ऑस्टेन, कॅमेऱ्यामागे जोसेफ वीरशिंग, नेपथ्याला कार्ल फॉन स्प्रेती, असे तिघे जर्मन तिथे जमले. ऑस्टेनला हिंदी येत नव्हतं. तरी 1939 पर्यंत त्याच्या नावावर डझनाहून अधिक बोलपट जमा झाले.

त्यांतला 'अछूत कन्या' (1936) आवर्जून पाहावा. रात्रीची वेळ, रेल्वेचं फाटक, मोटारीतलं जोडपं आणि फाटक उघडायला तयार नसलेला माणूस. शेजारी कस्तुरीचं स्मारक, आणि तिथून गोष्ट मागे जाते. फाटकवाल्या दुखियाची ही 'अस्पृश्य' मुलगी ब्राह्मण प्रतापवर जीव लावते. कस्तुरी झालेल्या देविका राणीच्या कोरीव भुवया त्या घरातल्या वाटत नाहीत, हे खरं. पण फाटक, रूळ आणि येणारी गाडी यांतून ऑस्टेन जे सांगतो, त्याला भाषा लागत नाही.

त्याच 1936 साली हा माणूस नाझी पक्षाचा सभासद झाला. अस्पृश्यतेविरुद्धचा गाजलेला चित्रपट आणि वंशश्रेष्ठतेच्या पक्षाचं सभासदत्व, दोन्ही एकाच वर्षी! मायदेशी परतायची वाट मोकळी राहावी म्हणून सही केली असेल, अशी सारवासारव करता येईल. मला ती पटत नाही. मालाडला त्याला पगार काही हिटलर देत नव्हता. जातीची ती कथा मुळात निरंजन पाल यांची. म्हणून चित्रपटातल्या विचाराचं श्रेय पालांना द्यावं, ऑस्टेनला फक्त कारागिरीचं.

1939 मध्ये लीला चिटणीसांच्या 'कंगन'चं काम चालू असताना युद्ध पेटलं आणि इंग्रजांनी ऑस्टेनला पकडलं. इथल्या जर्मनांची रवानगी तेव्हा अहमदनगरच्या छावणीत होत होती. साठी उलटलेल्या ऑस्टेनला पुढे वयाकडे पाहून मायदेशी धाडलं. 1956 मध्ये बाट आयब्लिंगला तो वारला. हिंदुस्थानात तो परतला नाही.

वीरशिंगनेही युद्धाची वर्षं नजरकैदेत काढली, पण सुटल्यावर तो इथेच राहिला. 'महल'मधली (1949) ती सावल्यांनी भरलेली हवेली त्याच्याच कॅमेऱ्याची. 1967 मध्ये तो गेला तेव्हा 'पाकीझा' अपुरा होता. प्रदर्शित झाला 1972 मध्ये. ऑस्टेन कामापुरता आला होता, या देशाचा झाला तो वीरशिंग. 'पाकीझा' पुन्हा लावाल तेव्हा श्रेयनामावली पुढे ढकलू नका, छायालेखकाचं नाव वाचा.