व्यापारी संघ आणि शहराची शांतता

मताचा अधिकार सर्वांना सारखा असूनही काही शहरांत वारंवार दंगली होतात आणि काही शहरे शांत राहतात, असे का व्हावे? राज्यशास्त्राच्या तौलनिक अभ्यासातील हा एक महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रा. आशुतोष वार्ष्णेय आणि त्या वेळी अमेरिकेतील एमआयटीमध्ये पीएच.डी.चे विद्यार्थी असलेले स्टीव्हन विल्किन्सन यांनी त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९५० ते १९९५ या काळातील ‘टाइम्स ऑफ इंडिया’ वाचून हिंदू-मुस्लिम दंगलींची पद्धतशीर नोंद केली.

या नोंदींतून असे दिसले की, दंगलींतील मृत्यूंपैकी सुमारे ४६ टक्के केवळ आठ शहरांत झाले होते. मुंबई, अहमदाबाद आणि बडोदा ही त्यांपैकी तीन. खेड्यांचा वाटा मात्र जेमतेम चार टक्के होता. म्हणजे हिंसा ही सर्वत्र पसरलेली वृत्ती नसून ठरावीक ठिकाणी साठणारी आपत्ती आहे.

कारणमीमांसेत मात्र दोघांचा भर वेगवेगळा आहे. वार्ष्णेय यांच्या २००२ च्या ग्रंथानुसार, जेथे व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब अशा संस्थांत दोन्ही समाज एकत्र बसतात, तेथे अफवा वेळीच विझते. १९९२ मध्ये सुरतेच्या नव्या झोपडपट्ट्यांत भीषण हिंसाचार झाला. व्यापाराने बांधलेले जुने शहर मात्र बव्हंशी शांत राहिले. विल्किन्सन यांनी २००४ च्या ग्रंथात राज्य सरकारकडे बोट दाखवले. पोलीस राज्याच्या हाती असतात. सत्ताधाऱ्यांना अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल, तर दंगल तातडीने आवरली जाते. अनेकान्ताच्या दृष्टीने पाहता ही दोन उत्तरे परस्परांना खोडत नाहीत. प्रत्येकात सत्याचा एक अंश आहे.

याचा प्रत्यय पनवेलच्या शेजारील ठाणे जिल्ह्यातच आला. यंत्रमागांच्या भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली झाल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. किरकोळ तंटे तेथेच मिटू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. सूत, माग, मजुरी आणि उधारी यांनी तेथे दोन्ही समाज पूर्वीपासून जोडलेले होतेच. तरीही दोनदा दंगल झाली होती. केवळ देवाणघेवाण पुरेशी पडत नाही, नियमित भेटीची व्यवस्थाही लागते, हा भिवंडीचा धडा आहे.

१८५२ मध्ये नगरपालिका मिळालेले पनवेल २०१६ मध्ये महानगरपालिका झाले. जुन्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख हीच हमी असते. खारघर, कामोठे, कळंबोली येथील नव्या वसाहतींत मात्र अनेकांना शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते. तेथे आपल्या तरुण व्यापाऱ्यांनी केवळ समाजाच्या मंडळापुरते न थांबता सर्वांच्या व्यापारी संघात, सोसायटीच्या कार्यकारिणीत जाऊन बसणे अगत्याचे आहे.

जैन कुटुंबांत अहिंसेचा विचार स्वयंपाकघरापासून सुरू होतो आणि पर्युषणात क्षमापनेपर्यंत पोहोचतो. पण शहर पेटू न देणे हेही अहिंसेचेच आचरण आहे, आणि त्याची तयारी शांततेच्या काळातच करावी लागते. संकटाच्या रात्री फोन करायचा तर पलीकडच्या माणसाची ओळख आधीची असावी लागते.