पत्री : एका सरकारचं गावठी नाव

बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे घोड्यासारखा एकच अखंड नाल त्याला चालत नाही. एका पायाला दोन, चार पायांना आठ पत्र्या लागतात. नालबंद दोरखंड टाकून बैल आडवा पाडतो, चारही पाय एकत्र आवळतो, खूर तासून सपाट करतो आणि चपट्या डोक्याचे खिळे ठोकतो. उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पत्र्या डांबरी सडकेवर लवकर झिजतात, म्हणून कारखान्यांच्या हंगामात या माणसाला उसंत नसते.

ही पत्री आणि गणपतीला वाहायची एकवीस प्रकारची पत्री यांचं मूळ एकच : संस्कृत ‘पत्र’, म्हणजे पान. पानासारखा पातळ ठोकला तो पत्रा, पानावर लिहिलं ते पत्र, ग्रह मांडले ती जन्मपत्री. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या ‘पत्रीसरकार’चा मात्र या कुळाशी जन्माने संबंध नाही. ते सरकार दत्तक आलं.

‘चले जाव’ चळवळीत, १९४२च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कऱ्हाड, तासगाव इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळ्या चालल्या. पुढे कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३पासून तेव्हाच्या एकसंध सातारा जिल्ह्यात (आजचे वाळवा, तासगाव, खानापूर त्यातच होते) ‘प्रतिसरकार’ उभं राहिलं. शिकलेल्यांनी ठेवलेलं हे नाव मोठं हुशारीचं आहे. ‘प्रतिकार’मधला विरोध त्यात आहे आणि ‘प्रतिरूप’मधलं सारखेपणही. सरकारच्या विरोधात आणि सरकारसारखंच!

‘प्रति’चं ‘पत्री’ कसं झालं? गावकऱ्यांची जीभ वळली नाही, असं सांगून विषय मिटवला जातो. मला ते पटत नाही. आपली गावठी जीभ जोडाक्षर फोडते : प्रसादचा परसाद, प्रकारचा परकार. त्या न्यायाने ‘परती सरकार’ व्हायला हवं होतं. ‘र’ पुढे उडी मारून ‘त’ला चिकटला, कारण पलीकडे एक तयार शब्द वाट पाहत होता. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे, गोरगरिबांना नाडणारे सावकार यांना हे सरकार शिक्षा करी, आणि ती पायांना होई. ऐकणाऱ्याने ही शिक्षा आणि बैलाची पत्री यांची सांगड घातली.

मग कथा पसरली की गद्दारांच्या पायात बैलासारखे खिळे ठोकतात. शिक्षा तळपायावर काठीचे फटके मारण्याची होती, असं चळवळीतले लोक सांगत आले. बैलाचा खिळा खुराच्या निर्जीव शिंगासारख्या भागात जातो. माणसाच्या तळव्याला असा भाग नाही, तिथे खिळा थेट मांसातच जाणार. पण कथेचा धाक खऱ्या काठीपेक्षा लांब पोचत होता, आणि धाक भूमिगतांच्या सोयीचाच होता.

त्याची किंमत नंतर मोजावी लागली. लोकांच्या लक्षात खिळे राहिले. गावोगावची न्यायदान मंडळं, थोडक्या खर्चात उरकलेले ‘गांधी विवाह’, या सरकारचं सशस्त्र दल असलेली कुंडलची तुफान सेना हे सगळं त्या लोखंडाखाली झाकलं गेलं. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वे तेवढी रंगवून सांगतात. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीबाहेर. भूमिगतांना या हद्दींचा केवढा आधार होता, ते क्वचितच कुणी सांगतं.

बंगालात मिदनापूरच्या तामलुकलाही डिसेंबर १९४२मध्ये असंच सरकार स्थापन झालं. त्याचं नाव ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’. मराठी वाचक दचकेल, पण बंगालीत ‘जातीय’ म्हणजे राष्ट्रीय.

इंग्रजी पुस्तकांनी साताऱ्याच्या सरकारला ‘पॅरलल गव्हर्नमेंट’ म्हटलं. भूमितीत समांतर रेषा कधी भेटत नाहीत. इथे मात्र १९४६मध्ये मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली, आणि चार वर्षं भूमिगत असलेले नाना पाटील उजेडात आले. १९३०पर्यंत तलाठ्याची नोकरी केलेला हा माणूस १९५७मध्ये उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेला आणि १९६७मध्ये बीडमधून कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर पुन्हा.