घरचे लिखाण नातवंडांनाही वाचता यावे

नागपुरात मोमिनपुरा, सदर, ताजबाग अशा भागांतल्या कितीतरी घरांत मराठी आणि उर्दू एकाच छताखाली नांदतात. दादीचे पत्र उर्दूत, नातीचा निबंध मराठीत. आता अशा घरांतले कुणी ना कुणी आठवणी, पाककृती, खानदानाची माहिती संगणकावर उतरवते, इंटरनेटवरही ठेवते. हे काम आम्हाला मोलाचे वाटते. ते टिकावे यासाठी साधनांविषयी चार गोष्टी.

पहिली गोष्ट युनिकोडची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. 'भारत' हा शब्द संगणकात एच, के, के, जे, आर असा साठवला जाई. फॉन्ट गेला की पडद्यावर ही निरर्थक अक्षरेच उरतात. १९९१ साली आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्या त्यात सुरुवातीपासून आहेत. घरात जुन्या फायली असतील तर त्या आताच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि छापील प्रतीशी ताडून पाहा. जोडाक्षरे हमखास बिघडतात.

दुसरी गोष्ट कळफलकाची. मोबाइलवर कसेही टाइप केले तरी चालते, पण लांब लिखाणाला इनस्क्रिप्ट बरा. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला येतात. आपल्याकडचा 'वऱ्हाड' हा शब्द अनेकांकडून 'वर्हाड' होतो. त्यासाठी शिफ्ट धरून 'जे' दाबावे, मग 'डी'ने पाय मोडावा आणि पुढे 'ह' लिहावा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. एका खुणेने अर्थ बदलतो.

तिसरी गोष्ट उर्दूची. मराठी मजकुरात उर्दू ओळ आली की आकडे, कंस, पूर्णविराम भलतीकडे उडी मारतात. उर्दू ओळ वेगळ्या परिच्छेदात घ्या आणि त्याची दिशा 'उजवीकडून डावीकडे' अशी ठरवा. बुजुर्गांना नस्तालीक वळणच वाचायला सोपे जाते. त्यासाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' आणि मराठीसाठी 'मुक्ता' हे फॉन्ट मोफत मिळतात.

चौथी गोष्ट मालकीची. २०१४ साली ऑर्कुट बंद झाले आणि तिथे लिहिणाऱ्यांना आपले लिखाण वेळीच उतरवून घ्यावे लागले. त्याच वर्षी '.भारत' हा देवनागरी पत्ता सुरू झाला. इंटरनेटवर स्वतःचा पत्ता घ्यायचा असेल तर तो घरच्याच माणसाच्या नावावर आणि ई-मेलवर नोंदवा. दुकानदाराच्या किंवा ओळखीच्या मुलाच्या खात्यावर नको. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा. मुदत संपूनही नूतनीकरण झालेच नाही तर पुढे पत्ता दुसऱ्या कुणालाही घेता येतो.

पत्ता गेला तरी लिखाण राहिले पाहिजे. त्याच्या तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे ऑनलाइन किंवा दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. मूळ मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्येही जपा. ती उघडायला विशिष्ट सॉफ्टवेअर लागत नाही. पासवर्ड घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक असू द्या. वर्षातून एकदा, ईदच्या सुटीत म्हणा, साऱ्या प्रती उघडून पाहा.

यात खर्च थोडा आहे, शिस्त जास्त. ज्या घरात दादी, नानी अजून सांगत आहेत, तिथे या आठवड्यातच एक पान लिहून घ्या.