दूरच्या संगणकाचा कारभार आणि त्याच्या किल्ल्या

गावचे दप्तर म्हणजे चावडीतील पेटी आणि त्या पेटीची किल्ली म्हणजे तलाठ्याची जबाबदारी, असे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पेटी कोठे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असे, किल्ली कोणाकडे आहे हेही ठाऊक असे. तलाठ्याची बदली झाली की दप्तराची यादी होई, किल्ली नव्या माणसाच्या हाती जाई आणि दोघांच्या सह्या होत. आज सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचा पट आणि पंचायतीचा जमाखर्च संगणकावर आला आहे. ज्या यंत्रात या नोंदी साठविल्या जातात ते यंत्र मात्र गावात नसते, बहुधा तालुक्यातही नसते. ते दूरच्या एखाद्या शहरातील वातानुकूलित दालनात अहोरात्र चालू असते. मग या पेटीची किल्ली कोणाकडे असते? आणि ती हस्तांतरित कशी होते? कारभाराशी संबंध असलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

पडदा नसलेले यंत्र

अशा यंत्राला सर्व्हर म्हणतात. अनेकांना एकाच वेळी माहिती पुरविणे हे त्याचे काम. कार्यालयातील संगणकाप्रमाणे त्याच्यापुढे खुर्ची टाकून कोणी बसत नाही. पुष्कळदा त्याला स्वतःचा पडदा व कळफलकही जोडलेला नसतो. त्याची देखभाल करणारा कर्मचारी शेकडो किलोमीटर दूर बसून, जाळ्यामार्फत त्याला आज्ञा देतो. या आज्ञा चित्रांवर बोट ठेवून दिल्या जात नाहीत. त्या अक्षरांत टंकित केल्या जातात. या पद्धतीला कमांड लाइन असे नाव आहे.

चित्रमय पडद्यांच्या युगात ही जुनी पद्धत का टिकून राहिली, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याची कारणे व्यावहारिक आहेत. अक्षरांच्या दोन-चार ओळी पाठविण्यास जाळ्यावर अत्यल्प भार पडतो. संपर्क मंद असला तरी काम अडत नाही. टंकित केलेली आज्ञा जशीच्या तशी लिहून ठेवता येते, दुसऱ्याकडून तपासून घेता येते आणि पुन्हा वापरता येते. एका यंत्रावर दिलेली आज्ञा शंभर यंत्रांवर क्रमाने देण्याची व्यवस्थाही करता येते.

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या सकाळी दाखले देणारी यंत्रणा ठप्प होते. खिडकीपुढे रांग लागते. देखभाल करणारा कर्मचारी आपल्या जागेवरून सर्व्हरशी संपर्क साधतो आणि ‘डीएफ’ ही दोन अक्षरी आज्ञा देतो. साठवणीची जागा शंभर टक्के भरल्याचे उत्तर येते. ‘डीयू’ या दुसऱ्या आज्ञेने कोणत्या कप्प्याने किती जागा व्यापली ते कळते. यंत्र आपल्या प्रत्येक कामाची जी रोजनिशी लिहिते, तिचे जुने भाग वेळेवर हलविले न गेल्याने साचले आहेत, असे दिसून येते. ते अन्यत्र सुरक्षित ठेवून जागा मोकळी केली की काम पुन्हा सुरू होते. प्रवास नाही, खोळंबा नाही. या पद्धतीचे सामर्थ्य यातच आहे आणि तिचा धोकाही यातच आहे. कारण जी आज्ञा जुनी रोजनिशी हलवू शकते, तीच चुकीच्या हाती पडल्यास मूळ नोंदीही पुसू शकते.

उघड्या पत्रापासून बंद पाकिटापर्यंत

दूरच्या संगणकात प्रवेश करण्याची कल्पना जाळ्याइतकीच जुनी आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकावर ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि समोरची यंत्रणा कोसळली. सुमारे तासाभराने प्रयत्न यशस्वी झाला. आर्पानेट या जाळ्यावरील हा पहिला संदेश म्हणजे दूरच्या यंत्राचे दार ठोठावणेच होते.

पुढे या कामासाठी टेलनेट ही पद्धत रूढ झाली. तिच्यात एक मोठा दोष होता. कर्मचाऱ्याने टंकित केलेली प्रत्येक गोष्ट, परवलीच्या शब्दासकट, जशीच्या तशी तारेवरून जात असे. वाटेत कान लावून बसलेल्या कोणालाही ती पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे वाचता येई. जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते होते तोवर हे खपून गेले.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असाच परवलीचे शब्द चोरण्याचा प्रकार घडला. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एक नवी आज्ञावली लिहिली आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. तिचे नाव सिक्युअर शेल, संक्षेपाने एसएसएच. टेलनेटला जाळ्यावर २३ क्रमांकाचे द्वार नेमून दिलेले होते. एसएसएचला २२ क्रमांकाचे द्वार मिळाले आणि आजही तेच आहे. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती सिद्ध केली. जगातील बहुसंख्य सर्व्हरांचा दूरस्थ कारभार आज तिच्याच आधारे चालतो. २००६ मध्ये या पद्धतीचे नियम आंतरजालाच्या प्रमाण दस्तऐवजांत समाविष्ट झाले.

कुलूप कसे चालते?

एसएसएचचे कार्य तीन टप्प्यांत समजून घेता येते.

पहिला टप्पा गुप्ततेचा. संपर्क सुरू होताच दोन्ही यंत्रे परस्परांना काही संख्या उघडपणे पाठवितात आणि त्यांवरून प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे एकच गुप्त संख्या काढते. वाटेतील श्रोत्याने सारे संभाषण ऐकले तरी त्याला ती संख्या काढणे व्यवहारतः अशक्य असते. ही युक्ती व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. या गुप्त संख्येच्या साहाय्याने पुढील सर्व मजकूर सांकेतिक रूपात जातो.

दुसरा टप्पा यंत्राच्या ओळखीचा. आपण ज्या सर्व्हरशी बोलत आहोत तो खरा की तोतया? प्रत्येक सर्व्हरची स्वतःची एक किल्ली असते. पहिल्या भेटीत तिचा ठसा अक्षर-अंकांच्या रूपात पडद्यावर येतो आणि पुढे जायचे का, असे विचारले जाते. हा ठसा अधिकृत यादीशी ताडून पाहणे अपेक्षित आहे. पुष्कळ जण मात्र न वाचता ‘होय’ म्हणून मोकळे होतात. पुढे कधी हा ठसा बदलला तर ठळक इशारा येतो. यंत्र नव्याने बसविले असेल तर तो निरुपद्रवी असतो. वाटेत कोणी तोतया उभा असेल तर तो इशारा हेच एकमेव संरक्षण असते.

तिसरा टप्पा माणसाच्या ओळखीचा. येथे परवलीचा शब्द चालतो, परंतु किल्ल्यांची जोडी अधिक श्रेयस्कर मानली जाते. या जोडीतील एक किल्ली खासगी असते व ती कर्मचाऱ्याच्याच संगणकात राहते. दुसरी जाहीर असते व ती सर्व्हरवर ठेवली जाते. कोषागाराशी संबंध येणाऱ्यांना हे चटकन उमगेल. आहरण व संवितरण अधिकाऱ्याची नमुना स्वाक्षरी कोषागारात असते. देयक आले की त्यावरील सही तिच्याशी ताडून पाहिली जाते. अधिकाऱ्याचा हात कोषागारात ठेवावा लागत नाही. त्याचप्रमाणे, संपर्काच्या वेळी कर्मचाऱ्याचा संगणक त्या भेटीपुरत्या माहितीवर खासगी किल्लीने सही करतो आणि सर्व्हर जाहीर किल्लीने ती पडताळतो. फरक इतकाच, की कागदावरील सहीची नक्कल होऊ शकते. ही सही प्रत्येक भेटीत नवी असल्याने जुनी चोरून उपयोग होत नाही. खासगी किल्ली कधीही तारेवरून जात नाही.

कुलूप उत्तम, तरीही चोरी

इतके भक्कम कुलूप असताना धोका उरतो कोठे? तो बहुधा गणितात नसतो, कारभारात असतो.

२००८ साली एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीत २००६ मध्ये केलेल्या एका लहानशा दुरुस्तीमुळे किल्ली तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली होती. एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या अगणित असण्याऐवजी सुमारे बत्तीस हजारच संभवत होत्या, म्हणजे एकेक करून लावून पाहता येतील इतक्याच. मे २००८ मध्ये दुरुस्ती जाहीर झाली. परंतु केवळ प्रणाली दुरुस्त करून भागणार नव्हते. त्या काळात तयार झालेली प्रत्येक किल्ली शोधून रद्द करणे आवश्यक होते. ज्यांच्याकडे किल्ल्यांची यादी होती त्यांचे काम सोपे झाले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना प्रत्येक यंत्र धुंडाळावे लागले.

मार्च २०२४ मध्ये आणखी एक प्रसंग घडला. एक्सझेड नावाच्या, मजकूर संक्षिप्त करणाऱ्या एका साहाय्यक आज्ञावलीत एसएसएचचे दार गुपचूप उघडणारी चोरवाट बसविण्यात आली होती. आंद्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञाला सर्व्हरमध्ये प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागत असल्याचे जाणवले. त्याने त्याचा पाठपुरावा केला आणि ती चोरवाट जगभर पसरण्यापूर्वीच उघडी पडली. नित्याच्या कामातील किंचित बदलाकडेही दुर्लक्ष न करणे किती मोलाचे ठरते, याचा हा वस्तुपाठ होय.

बदली झाली, किल्ली राहिली

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्व्हरवर ज्यांना प्रवेश द्यायचा त्यांच्या जाहीर किल्ल्या एका साध्या फाइलमध्ये ओळीने लिहिलेल्या असतात. एक ओळ म्हणजे एक किल्ली. ही ओळ सामान्यतः आपोआप कालबाह्य होत नाही. कर्मचाऱ्याची बदली झाली, कंत्राटदाराची मुदत संपली, तरी ती तेथेच राहते. इतकेच नव्हे, तर लिनक्स प्रणालीत एखाद्याचा परवलीचा शब्द बंद केला तरी त्याची किल्ली चालू राहू शकते. शब्द बंद केल्याच्या समाधानात कार्यालय राहते आणि मागचे दार उघडेच असते. कोषागारातील नमुना स्वाक्षरी अधिकारी बदलताच बदलली जाते; सर्व्हरवरील ओळ मात्र कोणी मुद्दाम काढल्याखेरीज जात नाही.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. ते शिस्तीचे आहेत.

प्रत्येक कर्मचाऱ्याची किल्ली स्वतंत्र असावी. पाच जणांनी एकच किल्ली वापरली तर चूक कोणाची हे कधीच ठरत नाही आणि एकाला वगळायचे तर पाचही जणांची किल्ली बदलावी लागते. खासगी किल्लीला स्वतंत्र परवलीचे वाक्य असावे, म्हणजे संगणक चोरीस गेला तरी किल्ली लगेच वापरता येणार नाही.

सर्वाधिकारी खात्यातून थेट काम करू नये. स्वतःच्या नावाने प्रवेश करून, आवश्यक तेवढ्याच आज्ञेपुरता ‘सुडो’ या साधनाने वरिष्ठ अधिकार घ्यावा. त्यामुळे कोणी कोणती आज्ञा कधी दिली याची नोंद राहते.

प्रवेशाची व्यवस्था बदलताना एक संपर्क चालू ठेवून दुसऱ्या संपर्काने खातरजमा करावी. अन्यथा ज्या फांदीवर बसलो तीच तोडल्यासारखे होऊन कर्मचारी स्वतःच बाहेर अडकतो आणि कोणाला तरी प्रत्यक्ष यंत्रापर्यंत जावे लागते.

रोजनिशी सर्व्हरवरच न ठेवता तिची प्रत अन्यत्र ठेवावी. घरफोड्याच्या हाती पहारेकऱ्याची वही राहू नये. इंडियन कॉम्प्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम म्हणजेच सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जतन करणे आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सुरक्षाविषयक घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक करण्यात आले. हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत. यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवण्याचाही त्यांत अंतर्भाव आहे. घड्याळे जुळत नसतील तर कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे चौकशीत सिद्ध करता येत नाही.

यादीतील एक रकाना

पंचायत सदस्याने किंवा मुख्याध्यापकाने कमांड लाइन शिकावी, अशी अपेक्षा नाही. परंतु ज्याच्या नोंदी त्या यंत्रात आहेत त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार निश्चित आहे. आपल्या माहितीच्या सर्व्हरवर आज किती जणांच्या किल्ल्या चालतात? त्यांपैकी किती जण सेवेत आहेत? ही यादी शेवटी कोणी व केव्हा तपासली? या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, नोंदवही लागते.

कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटे, शिक्के, रोख शिल्लक आणि नोंदवह्या यांचे रकाने फार पूर्वीपासून आहेत. त्यांत सर्व्हरवरील किल्ल्यांचा एक रकाना वाढला, देणाऱ्याची किल्ली रद्द झाल्याची तारीख त्यात पडली आणि घेणाऱ्याने ती पाहून सही केली, तर चावडीतील पेटीची शिस्त शेकडो किलोमीटर दूरच्या यंत्रापर्यंत पोहोचेल. पेटीचे रूप बदलले असले, तरी तिच्यातील नोंदी त्याच शेतकऱ्याच्या आणि त्याच विद्यार्थ्याच्या आहेत.