मूलदेवाची भाषा

चंद्राच्या मागोमाग रथाची सुरुवात झाली, आणि आलं होळकरांचं गाव. तीन अक्षरं.

चंद्र म्हणजे इंदू. ‘रथाची सुरुवात’ म्हणजे रथ निघाला असं नव्हे, त्या शब्दाचं नुसतं पहिलं अक्षर, ‘र’. झालं इंदूर. सूत्र वाचताना चांदणी रात्र, धुरळा आणि मल्हाररावांचा रथ डोळ्यांपुढे उभा राहिला असेल, तर कोडं घालणाऱ्याचं काम फत्ते झालं. गूढ शब्दकोड्याचं सूत्र असंच दुतोंडी असतं. त्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ ठेवलेला असतो, उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षराला अक्षर जोडून बनवायची कृती असते, आणि या दोहोंचा सांधा दिसू नये म्हणून वर एखादं निरागस चित्र रंगवलेलं असतं. आणखी एक घ्या: नदी उलटली की गरीबच उरतो, दोन अक्षरं. इथे पूर नाही आणि पूरग्रस्तही नाहीत. ‘नदी’ उलटी वाचा, ‘दीन’ मिळेल.

जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’नं असं कोडं बारा मिनिटांच्या आत सोडवण्याची स्पर्धा ठेवली. त्यात चमकलेल्या काहींना पुढे युद्धखात्याचं पत्र आलं आणि ते ब्लेचली पार्कला, जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्यांत जाऊन बसले. ही गोष्ट नेहमी मोठ्या नवलानं सांगितली जाते. मला तिचं नवल जरा कमी वाटतं, कारण या दोन विद्यांचं नातं आपल्याकडे फार आधी नोंदलेलं आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातली चौसष्ट कलांची यादी काढा. त्यात प्रहेलिका, म्हणजे कोडी घालणं-सोडवणं, आहे आणि म्लेच्छितविकल्पही आहे. हा दुसरा प्रकार म्हणजे ओळखीचेच शब्द अक्षरं फिरवून परक्याला कळेनासे करायची कला.

ती अक्षरं नेमकी कशी फिरवायची, हे तेराव्या शतकातला टीकाकार यशोधर सांगतो. त्यानं दिलेल्या एका रीतीचं नाव मूलदेवीय. हा मूलदेव म्हणजे जुन्या कथांमधला महाबिलंदर धूर्त, सगळ्या कलांत पारंगत, जुगारी, वेषांतरात तरबेज. महाराष्ट्री प्राकृतातल्या जैन कथेत त्याचे उद्योग चालतात ते उज्जयिनीत. इंदुराहून पंचावन्न-साठ किलोमीटर, क्षिप्रेकाठी. म्हणजे माळव्याचाच म्हणायचा हा माणूस, निदान कथेपुरता तरी.

त्याची रीत अगदी सोपी आहे. अक्षरांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतल्या एकाच्या जागी दुसरं लिहायचं. च आणि ट, त आणि प, न आणि म, य आणि श, र आणि ष, ल आणि स अशा या जोड्या. आणखीही आहेत, पण एवढ्यांवर आपलं भागेल. काना-मात्रा आणि जोडी नसलेली अक्षरं जागच्या जागी ठेवायची. ‘चाल’चा ‘टास’ होतो, ‘माल’चा ‘नास’. सगळी अदलाबदल जोडीतच असल्यामुळे उलगडायलाही तीच रीत पुरते, निराळी किल्ली लागत नाही. पण खरी मौज पुढे आहे. ‘मान’ लिहायला जावं तर ‘नाम’ होतं. ‘ताप’चा ‘पात’ होतो, ‘पत’चं ‘तप’. संदेश लपवला, तरी वाचणाऱ्याच्या हाती धडधाकट मराठी शब्द येतो! इथे मूलदेव आणि कोडं घालणारा यांच्यातला फरकच पुसला जातो.

आता समजा, जोड्याही नाहीत. मराठीतल्या चौतीस व्यंजनांपैकी कुठल्याही जागी कुठलंही ठेवलंय. अशा किती किल्ल्या होतील? ३ वर ३८ शून्यं, जवळपास इतक्या. एकेक लावून पाहायची तर सगळ्या मानवजातीचं आयुष्य पुरायचं नाही. आणि तरीही मजकूर दोनचार पानांचा असेल, तर चिकाटीचा माणूस कागद-पेन्सिल घेऊन तो फोडतो. कारण अक्षरांचे मुखवटे बदलले तरी सवयी तशाच राहतात. कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजायचं, ही युक्ती बगदादच्या अल-किंदीनं नवव्या शतकातच लिहून ठेवली आहे. मराठीत त्यावर आणखी खुणा मिळतात. एखादं चिन्ह शब्दाच्या मध्ये आणि शेवटी सारखं दिसतं, पण सुरुवातीला कधीच नाही? ते ळ किंवा ण असणार. एकच जोडाक्षर शब्दामागून शब्दाच्या शेवटी काना घेऊन येतंय? बहुधा ‘च्या’. एक धागा सुटला की पुढची वीण आपोआप उसवत जाते.

आणि हे सगळं केवळ कल्पनेतलं नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटानं तेराव्या शतकात गोळा केल्या, ते लीळाचरित्र. मराठीतल्या सर्वांत जुन्या गद्यग्रंथांपैकी एक. महानुभावांनी आपले असे ग्रंथ परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशी त्यांची नावं. सर्वांत चलनातली ती सकळ, आणि परंपरा तिचं श्रेय चौदाव्या शतकातल्या रवळोबासांना देते. गाभ्याशी युक्ती मूलदेवाचीच, अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह. पंथ पुढे पंजाबात, पार काबूलपर्यंत गेला, आणि त्या दूरच्या मठांतही हे मराठी ग्रंथ मुखवट्यासकट पोचले.

कुलूप तसं साधंच. तरी ते साडेपाचशे वर्षं टिकलं. माझ्या मते यात कुलपाची करामत थोडी, दारावर कुणी थाप मारली नाही याची जास्त. मठातल्या वाचकाला ते कोडं वाटत नव्हतं, तो सरसर वाचत होता. बाहेरच्याला पोथी आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले बहुतेक अभ्यासक मराठी वाङ्मयाचा आरंभ सांगताना या गद्याला वगळूनच बोलत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, काही महंतांनीही पोथ्या खुल्या केल्या, आणि वि. ल. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त महानुभावांना त्यांची जागा दिली. चिन्हांच्या त्या जंगलातून पहिल्यांदा एखादं ओळखीचं ‘म्हणितलें’ वर आलं असेल, त्या क्षणाचा मला हेवा वाटतो. लीळाचरित्रात कुणी ना कुणी सतत काही म्हणतच असतं, म्हणजे एवढा एक शब्द हाती लागला की ह, ण, त, ल रांगेनं कबुलीजबाब देणार. ब्लेचलीतही हेच चाले. जर्मन हवामानखात्याच्या ठरावीक मजकुरानं एनिग्मा या सांकेतिक यंत्राला कितीदा तरी दगा दिला.

बारा मिनिटं सोडा, तुम्हाला एकच देतो. सूत्र: इंदुरात दिवसा सोनं, रात्री जिलबी. तीन अक्षरं, आणि उत्तर मूलदेवाच्या भाषेत: लषाफा.