भाषिक क्षेत्रकार्यातील अंतरमापक कॅमेरा व त्याचे आटोपशीर प्रमाणभिंग

प्राचीन मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने शिलालेखाचे छायाचित्र म्हणजे नुसते स्मरणचित्र नव्हे. तो पुरावा होय. श्रवणबेळगोळच्या लेखातील ‘चावुण्डराजें’ या रूपावरील अनुस्वार तृतीया विभक्ती दर्शवितो. ते टिंब छायाचित्रात पुसट झाले, किंवा दगडाचा एखादा टवका टिंबासारखा उमटला, तर व्याकरणाचा निर्णयच बदलतो. सोलापूरच्या अभ्यासकाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील मराठी लेख आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. असे लेख ऊन-पावसाने झिजत जातात. पुढच्या पिढीच्या हाती कदाचित आपले छायाचित्रच उरेल. म्हणून ते कोणत्या साधनाने व कसे घ्यावे, याचा थोडा शास्त्रीय विचार येथे केला आहे.

अंतरमापक कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी व चित्र घेणारे भिंग ही दोन्ही वेगळी असतात. खिडकीतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरविले की त्या एकमेकींकडे सरकतात आणि एकरूप झाल्या म्हणजे फोकस साधला. लायका हा लहान कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. भिंगाशी जोडलेला अंतरमापक त्यात १९३२ साली बसविण्यात आला, आणि त्याच वर्षी झाइसचा कॉन्टॅक्सही आला. भिंगाच्या आडून पाहावयाचे नसल्याने आरसा लागत नाही; त्यामुळे कॅमेरा हलका राहतो, त्याचा आवाज कमी होतो आणि चौकटीबाहेरचे दृश्यही दिसते. मात्र भिंग मोठे असेल तर तेच खिडकीच्या आड येते. प्रमाणभिंग आटोपशीर असावे, याचे हे पहिले कारण. दुसरे कारण ओझ्याचे: खांद्यावरच्या झोळीत वही, ध्वनिमुद्रक व मोजपट्टी असताना खिशात मावणारा कॅमेराच बरोबर नेला जातो.

२४ × ३६ मिलिमीटर चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर असतो. याच्या आसपासचे नाभीय अंतर असलेले भिंग ते प्रमाणभिंग. रूढीने ५० मिलिमीटरचे भिंग प्रमाण मानले जाते. मॅक्स बेरेक यांनी रचलेले लायकाचे एल्मार, छिद्र एफ ३.५, हे या वर्गातील नमुनेदार भिंग होय. तीन गटांत चार काचा, आणि काम नसताना नळी कॅमेऱ्याच्या पोटात सरकविण्याची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये. १९५७ साली त्याचे एफ २.८ रूप निघाले. त्यापूर्वी, १९५३ साली, एफ २ छिद्राचे मिटणारे सुमिक्रॉन आले होते.

आता शिलालेखाकडे वळू. जुनी ५० मिलिमीटरची भिंगे साधारणतः १ मीटरपर्यंतच जवळ येतात. फिल्मपासून १ मीटरवरील दगड चित्रात सुमारे अठरापट लहान होतो. म्हणजे एका चित्रात सुमारे ४३ × ६५ सेंटिमीटर भाग येतो. ०.७ मीटरपर्यंत येणारे भिंग असेल तर हाच भाग २९ × ४३ सेंटिमीटर होतो व अक्षर दीडपट मोठे उमटते. भिंग निवडताना मोठ्या छिद्रापेक्षा हा आकडा आधी पाहावा. याहून जवळ जाऊन एकेक अक्षर टिपावयाचे असेल, तर अंतरमापक कॅमेरा हे योग्य साधन नव्हे. तेथे आरशाचा कॅमेराच घ्यावा. तुळईवरील लेखासारखा लांबट लेख मात्र तीन-चार चित्रांत घेता येतो. प्रत्येक चित्रात मागच्याचा चतुर्थांश यावा, कॅमेरा दगडाला समांतर असावा आणि कडेला मोजपट्टी दिसावी. खिडकी भिंगापासून बाजूला असल्याने जवळच्या अंतरावर चौकट सरकते. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये चौकटरेषा आपोआप सरकतात, पण त्यापूर्वीच्या कॅमेऱ्यांत तशी सोय नव्हती. म्हणून लेखाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी.

फोकस साधताना नागरी लिपीची एक अडचण ध्यानात घ्यावी. अंतरमापकातील दुसरी प्रतिमा आडवी सरकते. शिरोरेषाही आडवीच; ती स्वतःवरच सरकत राहते व फोकस चुकला तरी जुळल्यासारखी भासते. म्हणून उभा काना किंवा दंड पाहून प्रतिमा जुळवाव्यात. त्यातही एका अक्षराचा काना शेजारच्या अक्षराच्या कान्यावर बसण्याचा संभव असतो. तेव्हा ओळीच्या टोकाचा दंड अथवा दगडाची उभी कडा निवडणे अधिक सुरक्षित.

छिद्र एफ ८ ठेवल्यास १ मीटरवर सुमारे १६ सेंटिमीटर खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट येतो; एफ ३.५ वर ही खोली ७ सेंटिमीटरच असते. खडबडीत दगडासाठी एफ ८ व तिपाई हा उत्तम मार्ग होय. प्रकाश बाजूने, दगडाला घासून जाणारा हवा. त्याची दिशा बदलून दोन चित्रे घेतली म्हणजे कोरलेले टिंब कोणते व टवका कोणता, हे पुष्कळदा ठरविता येते.

सोलापुरातील दुसरे कार्यक्षेत्र म्हणजे विणकरांचे माग. येथे मराठी, तेलुगू व कन्नड बोलणारे कारागीर शेजारी-शेजारी राबतात. धोटा, फणी अशा भागांची नावे नोंदविताना नेमका कोणता भाग दाखविला, हे चित्राशिवाय निश्चित होत नाही. पण मागाच्या खोलीत उजेड कमी. एफ २ वर १/३० सेकंद पुरत असेल, तेथे एफ ३.५ वर तिप्पट, म्हणजे १/१० सेकंद लागते. इतका वेळ हात स्थिर राहत नाही. यावरून निवड आपोआप ठरते: मुख्यतः शिलालेखांचे काम असेल तर एल्मार पुरेसे, माणसे व कारखाने टिपावयाचे असतील तर एफ २ चे भिंग घ्यावे.

जुने भिंग विकत घेताना काचेतून विजेरीचा झोत पाहावा. धुरकटपणा, बुरशी किंवा ओरखडे दिसल्यास चित्रातील भेद फिके पडतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या भिंगांवर सामान्यतः लेप नसतो. त्यांना उन्हात टोपण-छत्री हवीच. नळी पूर्ण बाहेर ओढून फिरवून पक्की केली आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासावे. ती आत राहिली तरी खिडकीत सर्व स्पष्टच दिसते, चित्र मात्र वाया जाते. डिजिटल कॅमेऱ्यावर असे भिंग मिटविण्यापूर्वी आतील भागास ते लागणार नाही, याची खात्री करून घ्यावी.

यंत्र कोणतेही असो, चित्राबरोबर स्थळ, दिनांक, अंतर, छिद्र व प्रकाशाची दिशा वहीत लिहिली पाहिजे. या नोंदींमुळेच दुसरा वाचक आपले वाचन पडताळू शकतो. आणि जे पडताळता येत नाही, ते वाचन कितीही आकर्षक असले तरी प्रमाण मानता येत नाही.